साखर फेसाळेपर्यंत

स्वयंपाकघराशी माझा संबंध आयुष्यभर जेवण्यापुरता आला, आणि तोही पुस्तकातून मान वर काढून. सकाळचा चहा आयता हातात येई. त्यातली साखरसुद्धा ढवळून येई. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी कधीतरी म्हणालो होतो, की साखर तळाशी राहते आणि शेवटचा घोट पाकासारखा लागतो. तेवढ्या एका वाक्यावर माझी पत्नी दुर्गाबाई पुढची एकतीस वर्षे रोज सकाळी माझ्या कपात चमचा फिरवत उभी राहिली. चमचा थांबला की चहा तयार झाला असे समजून मी हात पुढे करी. वर पाहत नसे.

असल्या माणसाने बासष्टाव्या वर्षी क्यूबा नावाच्या देशातली कॉफी जालन्यात करायला घेतली. जे व्हायचे तेच झाले. ते लिहावे की नाही, याबद्दल मी अजूनही साशंक आहे. याआधी तीनदा लिहून फाडले आहे. चौथ्यांदा फाडायला कागद उरलेला नाही, म्हणून हे राहील.

माझा मुलगा भुजंग बोटीवर इंजिनखात्यात काम करतो. त्याने वकील व्हावे असे मला वाटत होते. त्याला तसे वाटत नव्हते, आणि ते सांगायला तो थांबला नाही. पुढे सत्तावन्न साली दुर्गाबाई गेली तेव्हा त्याची बोट कुठल्या समुद्रात होती कोण जाणे. तार त्याला पाच आठवड्यांनी मिळाली. 'मी येऊ का?' असे त्याने विचारले. मी कार्ड लिहिले, 'आता येण्याचे कारण उरलेले नाही.' वाक्य मला आटोपशीर वाटले होते. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवल्याचा हा परिणाम. कार्ड पेटीत टाकताना शाई वाळली आहे की नाही, एवढेच मी पाहिले.

त्यानंतर दोन वर्षे पत्र नाही. आणि मग एकोणसाठच्या नोव्हेंबरात कोलंबोहून लिफाफा आला. बोट मुंबईला लागते आहे, आठ दिवसांची रजा आहे, बारा डिसेंबरला सकाळच्या गाडीने येतो, असे चार ओळींत लिहिलेले. पुढचे सगळे पान मात्र एका कॉफीवर.

'हवानाच्या धक्क्यावर एक बाई कॉफी विकते. वाफेच्या भांड्यात करते. खाली पाणी, मधे कॉफीची पूड, वाफेने पाणी वर चढते. पेल्यात आधी साखर घेते, तिच्यावर कॉफीचे पहिले चार थेंब टाकते आणि चमच्याने घोटत बसते, साखर फेसाळून पांढरी होईपर्यंत. मग वरून कॉफी आणि तापलेले दूध. बोट लागली की मी आधी तिच्याकडे जातो. तिचे घोटणे संपेपर्यंत तिथेच उभा असतो.' खाली भांड्याचे चित्र काढले होते.

शेवटच्या वाक्यात काही कमी आहे असे मला तेव्हा वाटले. घोटणे संपेपर्यंत उभा असतो, ते ठीक. पण पितो केव्हा? मी मनातल्या मनात त्याचे दोन गुण कापले.

त्या देशात वर्षाच्या सुरुवातीला राज्य उलटल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले होते. माझा मुलगा तिथे धक्क्यावर कॉफीसाठी उभा असेल, हे मात्र त्यात छापलेले नव्हते.

क्षमा मागायची कशी, हे मला येत नाही. हा शब्द मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिला, त्याचे सामान्यरूप सांगितले, वाक्यात उपयोग करून घेतला. तोंडाने कुणाला म्हटल्याचे आठवत नाही. तेव्हा मी ठरवले, की भुजंग आला की त्याच्यापुढे ती कॉफी ठेवायची. मग जे बोलायचे ते कॉफी बोलेल. पाच आठवडे हातात होते.

पहिला प्रश्न कॉफीचा. शेजारचे कचरूलालशेठ जुन्या जालन्यात धान्याचे आडते. त्यांनी हैदराबादच्या आपल्या व्यापाऱ्याला कळवून दोन शेर बुंद, म्हणजे कॉफीचे कच्चे दाणे, मागवले. पुडा सोडला तर आत हिरवट दाणे. शेठजींनी सवयीने एक दाताखाली धरला, उजेडात पाहिला, परत दाताखाली धरला.

"मास्तरजी, हा माल कोणता समजायचा? ना वटाणा, ना चना. मंडीत आणला तर बैलपण तोंड फिरवेल."

"भाजल्यावर कॉफी होते, असे पुस्तकात आहे."

"पुस्तकात बराबर असेल," शेठजी म्हणाले. माझ्या पुस्तकांविषयी ते नेहमी आदराने बोलतात आणि कधी विश्वास ठेवत नाहीत.

पुडा मी स्वयंपाकघरात ठेवला आणि भाजण्याविषयी आणखी वाचायला वाचनालयात गेलो. ज्ञानकोशात कॉफीचे झुडूप किती उंच वाढते ते दिले होते. मी ते उतरवून घेतले. त्याचा उपयोग काय, हा प्रश्न मला घरी परत आल्यावर पडला.

घरी माझी धाकटी बहीण द्वारकाबाई असते. नवऱ्यामागे ती घनसावंगीहून माझ्याकडे आली, आणि दुर्गाबाई गेल्यापासून घर तिच्यावर आहे. तिसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर एक ओले गाठोडे घेऊन उभी राहिली.

"दादा, कसले वाल आणले हो तुम्ही? परवा भिजू घातले, काल फडक्यात बांधले, दोन रात्री झाल्या. मोड येऊन राह्यले न्हाईत."

मी गाठोडे पाहिले. आत एक शेर कॉफी टम्म फुगून बसली होती.

"बियाणं जुनं हाय," ती म्हणाली. "शेठजीनं फसवलं तुम्हाला."

ते वाल नाहीत, हे मला सांगता आले असते. पण तिच्या तोंडावर इतकी काळजी होती, की मी म्हणालो, "असेल." या भिडस्तपणाचे फळ म्हणजे रात्री ताटात आलेली उसळ. बिनमोडाची, गोडा मसाला घातलेली, आणि चार तास शिजवूनही दाताला दाद न देणारी. मी दोन वेळा वाढून घेतली. पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. कॉफीने झोप उडते, या ज्ञानकोशातल्या विधानाचा मला पहिला पुरावा मिळाला.

उरलेला शेर मी स्वतःच्या हाताने स्टेशनकडच्या फुटाणेवाल्याच्या भट्टीवर नेला. त्याला बजावले, "काळसर होईपर्यंत भाज." तो कसबी माणूस होता. तापलेल्या वाळूत त्याने दाणे असे खेळवले, की मी भान हरपून पाहत राहिलो. त्या वासाने मला खरेच वाटले, आता जमते आहे. शेवटच्या क्षणी त्याचा हात बाजूच्या मडक्याकडे गेला आणि परत आला. मी तोंड उघडले, पण तोवर झाले होते. वीस वर्षे त्याने जे प्रत्येक घाण्याला केले, तेच या घाण्याला केले. हळद-मिठाचे पाणी शिंपडले.

"त्याशिवाय चव कशी येईल?" तो म्हणाला.

द्वारकाबाईने ते जात्यावर दळून दिले. पुढचे चार दिवस आमच्या भाकरी तपकिरी आणि कडू होत्या. पाचव्या दिवशी भाकरी परत भाकरीच्या रंगाची झाली, तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली.

मग भांडे. चित्र घेऊन मी स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या पुंजारामकडे गेलो. पुंजारामने चित्र उलटे धरले, सुलटे धरले.

"गुरुजी, वाफ वर चढंल हे मान्य. पण मंग ती खाली कशी येईल?"

"खाली यायचे नाही. वरच राहायचे."

"असं कुठं असतं का?" त्याला माझी दया आली. "तुम्ही जा. मी बराबर करून देतो."

आठ दिवसांनी त्याने जे दिले, त्यात खाली तांब्याचा गडू होता, वर पितळी डबा होता, आणि डब्यातून निघून वळण घेत खाली उतरणारी तांब्याची नळी होती. नळी चित्रात नव्हती. ती पुंजारामच्या बुद्धीची भर होती, आणि तिच्याबद्दल तो जादा काही घ्यायलाही तयार नव्हता. अशा माणसाला नळी काढ म्हणून कसे सांगणार? मी नळीसह भांडे कापडात गुंडाळून भर बाजारातून घरी आणले. नळीचे तोंड बाहेर राहिले होते. लोक वळून पाहत होते. मला वाटले, माझ्या नव्या टोपीकडे पाहताहेत.

त्या वर्षी आमच्या भागात दारूबंदीचा कायदा लागू झाला होता, हे इथे सांगायला हवे. ते मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवे होते. पण कायदा वाचणे आणि तो आपल्यावर येईल असे वाटणे, यांत फार अंतर असते.

नऊ डिसेंबरला संध्याकाळी भांडे स्टोव्हवर चढवले. द्वारकाबाई दारात, शेठजी त्यांच्या ओसरीवर, पुंजाराम आपले काम बघायला मुद्दाम आलेला. पाच मिनिटे काही झाले नाही. मग गडू गुरगुरला. नळीने शीळ घातली. "चढली!" पुंजाराम ओरडला, आणि त्याच क्षणी डाग दिलेला सांधा सुटून डबा छताला लागला.

कुणाला इजा झाली नाही. छतावर तपकिरी डाग पडला, तो अजून आहे. भिंतीवरच्या दुर्गाबाईच्या तसबिरीवर चार थेंब उडाले. मी उपरण्याने काच पुसायला लागलो. ती असती तर पदर तोंडाला लावून हसत सुटली असती, आणि मी रागावलो असतो. मी हळूहळू पुसले.

काच पुसून होते न होते, तोच दाराशी जमादार आणि दोन शिपाई.

जमादार रखमाजी माझा जुना विद्यार्थी. त्याने टोपी काढून काखेत घेतली.

"गुरुजी, माफी असावी. तुमच्यावर अर्ज आल्ता सकाळी. निनावी हाय. तांब्याची नळी घरात नेली, भट्टी लावून राह्यले, असं लिवलंय. आन् आता तर आवाज साऱ्या गल्लीनं ऐकला."

मी अर्ज पाहायला मागितला. अक्षर वळणदार होते, काना-मात्रा जागच्या जागी. माझ्याच हाताखालून गेलेला कुणीतरी होता. गावात तसे तीन-चारशे निघतील, त्यामुळे मी कुणावरही रागावू शकलो नाही.

"मास्तरजी आणि दारू?" कचरूलालशेठ धावत आले. "अरे रखमाजी, यांना चहा चढतो!"

शेठजींचा हेतू चांगला होता. पण गल्ली हसली, आणि माझे कान तापले. तीस वर्षे ज्या गल्लीतून मान खाली घालून गेलो, ती आज माझ्या दारात उभी होती, आणि मी हातात तपकिरी उपरणे धरून होतो.

रखमाजीने पंचनामा लिहायला घेतला. पंच म्हणून शेठजी आणि पुंजाराम.

"चव घेतल्याबिगर पुरा होत न्हाई," रखमाजी ओशाळून म्हणाला. "शेठजी, तुम्ही जरा..."

शेठजी जैन. त्यांनी आकाशाकडे बोट केले. "सूरज डुबला. आता मला पाणीपण चालत नाही."

राहिला पुंजाराम. त्याने गडूत उरलेल्यात बोट बुडवून चाटले आणि बराच वेळ विचार केला. "खारट हाय. हळदीचं हाय. दारू न्हाई हे बिलकुल खरं. पण कॉफी हाय, असं मी काही सही करून सांगणार न्हाई."

रखमाजीने लिहिले, 'द्रव पदार्थ तपकिरी, खारट, हळदीयुक्त. स्वरूप अनिश्चित.' तो फार सावकाश लिहीत होता, एकेक अक्षर कोरून. मी सहज म्हणालो, "चांगले लिहितोस रे."

त्याने मान वर केली नाही. "तुम्ही म्हनले व्हते गुरुजी, भर वर्गात. 'रखमाजी, तुझ्या हातून एक धड वाक्य उतरायचं न्हाई.' तवापासून जपून लिवतो."

मला ते आठवत नव्हते. पण वाक्य माझेच होते, यात शंका नव्हती. आटोपशीर होते.

भांडे नळीसकट लाखेची मोहोर लावून मुद्देमाल म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. कारकुनाने सांगितले, की हे प्रकरण रासायनिक तपासणीसाठी मुंबईला जाईल, दीड-दोन महिने लागतील. पूर्वी असे कागद हैदराबादला जात. मुंबईचा पत्ता अजून त्यांच्याकडे पाठ झाला नव्हता.

"माझा मुलगा परवा येतो आहे," मी म्हणालो.

"येऊ द्या की," तो म्हणाला. "त्यांनाही अर्ज करता येईल."

बाराला सकाळी मी स्टेशनवर गेलो नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन आलो. फलाटावर समोरासमोर आल्यावर पहिले वाक्य कोणते बोलायचे, हे ठरले नव्हते. द्वारकाबाई म्हणाली, "जा की हो, पोरगा येऊन राह्यला." मी म्हणालो, "कॉफी करायची आहे." ही सबब आहे, हे तिलाही कळले.

तो आला. अंगाने भरला होता, कपाळावर ऊन कायमचे बसले होते. त्याने वाकून नमस्कार केला, द्वारकाबाईला मिठी मारली, आणि तसबिरीसमोर जाऊन उभा राहिला. बराच वेळ. मग छताकडे पाहिले.

"अण्णा, हे काय?"

"तो डाग आहे," मी म्हणालो. दोन वर्षांनंतर मुलाशी बोललेले हे माझे पहिले वाक्य.

"बसा," मी पुढे म्हणालो. त्याला मी कधी अहोजाहो केले नव्हते. तो चमकून खुर्चीवर बसला, पाहुण्यासारखा, कडेला. आणि मी स्वयंपाकघरात पळालो.

भांडे नव्हते. पातेल्यात पूड उकळली. गाळायला मऊ फडके हवे होते, तेव्हा द्वारकाबाईने न विचारता दुर्गाबाईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा काढून दिला. पहिले चार थेंब पेल्यातल्या साखरेवर पाडले आणि चमचा घेतला.

चमचा काचेला लागत होता. किण, किण, किण. साखर आधी चिखलासारखी झाली, मग दाटली. हळदीमुळे तिला पुरणाचा रंग आला होता. मी जोर लावला. बाहेर द्वारकाबाई प्रवासाचे विचारत होती आणि तो हो-नाही करत होता. मग त्याचे हो-नाही बंद झाले. मला वाटले, कंटाळला. आता उठून मित्रांकडे जाईल. मी घाईने चमचा खाली ठेवला आणि कॉफीचे पातेले उचलले.

"थांबू नका, अण्णा."

तो दारात उभा होता. चौकटीला डोके टेकलेले, डोळे मिटलेले.

"झाले आहे," मी म्हणालो. "आता दूध घातले की..."

"दूध राहू द्या. ते ढवळा."

मी चमचा परत उचलला. ढवळू लागलो.

"आई असंच करायची," तो म्हणाला. "तुमच्या चहात. मी पलीकडं अंथरुणात असायचो. तो आवाज सुरू झाला की कळायचं, सकाळ झाली, आई उठलीय. मंग उठायचो. त्या धक्क्यावर पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा पायच हलेनात. ती बाई पेला पुढं करून राह्यली, आन् मी तिला म्हणून राह्यलो, अजून, अजून. ती हसायची. कॉफी तर मी निम्मी टाकून द्यायचो. लई गोड असते."

एकतीस वर्षे तो आवाज माझ्या कानापासून हातभर अंतरावर झाला होता. मी तो संपण्याची वाट पाहत होतो.

माझा हात दुखायला लागला होता. मी न थांबता म्हणालो, "भुजंग, ते कार्ड..."

"आहे माझ्याकडं," तो म्हणाला. "बोटीवर पेटीत आहे. अक्षर फार चांगलं आहे तुमचं, अण्णा."

त्याच्या आवाजात टोमणा होता की नाही, हे मी आजपर्यंत ठरवू शकलो नाही. मी मान वर केली. हयातीत पहिल्यांदा, चमचा फिरत असताना मी वर पाहिले. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि तो ते पुसत नव्हता.

"तसे लिहायला नको होते," मी म्हणालो. वाक्यात कर्ता नव्हता. मी ते पुन्हा म्हणालो. "मी तसे लिहायला नको होते."

द्वारकाबाई पलीकडे उगीच भांडी हलवत होती.

शेवटी मी कॉफी आणि दूध घातले. त्याने एक घोट घेतला आणि पेल्यात पाहत राहिला.

"खारट आहे."

"हो. हळदही आहे."

"क्यूबात नसते."

"इथेही नसते," मी म्हणालो. "ते फुटाणेवाल्याचे आहे."

त्याने पेला रिकामा केला. सगळा. तळाशी साखर राहिली नव्हती.

तो आठ दिवस होता. रोज सकाळी तो जागा व्हायच्या आधी मी साध्या पाण्यात चमचाभर साखर टाकून ढवळत बसे, तो उठेपर्यंत. एकोणिसाव्या तारखेला मी स्टेशनवर गेलो. गाडी हलताना तो म्हणाला, "पत्र लिहा." मी मान डोलावली. गेल्या वर्षभरात मी त्याला सात पत्रे लिहिली. दोनदा उत्तर आले. आता बोट हवानाला जात नाही म्हणतो.

भांडे मार्चमध्ये परत मिळाले. मोहोर तशीच होती आणि चिठ्ठीवर लिहिले होते, 'तपासणी केली. काही आढळले नाही.' मी ते फोडले नाही. फळीवर ठेवले आहे.

द्वारकाबाईला आता दम लागतो, म्हणून सकाळचा चहा मीच करतो. बरा होतो. दोन कप भरतो, साखर घालतो आणि ढवळायला लागतो. परवा ती तिच्या अंथरुणातून म्हणाली,

"दादा, साखर कवाच विरघळली असंल हो. चहा गार होऊन राह्यला."

"हो, आणतो," मी म्हणालो, आणि थोडा वेळ आणखी ढवळत राहिलो.